गिझर बदलण्याआधी विसण कुठे पडतंय ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा माझाच उन्हाळा आठवला. आरव्हीतलं, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतलं, पाणी मिनिटभर छान गरम येतं, मग जे कोमट होतं ते कोमटच राहतं. गॅसवर चालवा नाहीतर विजेवर, फरक नाही. आणि डीलरने अख्खा गिझर बदलायचं कोटेशन हातात ठेवलंय. जरा थांबा. हा शनिवार-रविवार जाईपर्यंत तरी हो म्हणू नका.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. पोटापाण्याला हिशेब तपासतो. मिशिगनमध्ये एक जुनी मोटरहोम आणि तिच्यात सहा गॅलनचा गिझर, एवढंच माझं शिक्षण. गॅसच्या नळीला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. फ्यूज, ब्रेकर, सिलिंडरमधला गॅस हे तुम्ही बघितलंच असेल, म्हणून ते सोडून देतो.

त्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. तिला घेऊन आम्ही लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो, लेक मिशिगनच्या काठावर. पहिल्या दिवशी सगळं झकास. दुसऱ्या दिवशी पहाटे आई आंघोळीला गेली आणि पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर. "एवढी मोठी गाडी घेतलीस, यापेक्षा आपला बंब बरा!" मी गॅस बंद करून विजेवर टाकलं, तेच. परत गॅसवर, तेच. चार दिवस स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवलं.

खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश तिथेच पडायला हवा होता. या गिझरमध्ये तापवायच्या दोन स्वतंत्र सोयी असतात: गॅसचा बर्नर, माझ्याकडे ताशी 12,000 बीटीयू उष्णता देणारा, आणि 1440 वॅटचा विजेचा एलिमेंट. दोघांनी एकाच रात्री संप पुकारावा हे होईल कशाला? दोन्हीवर पाणी सारखंच कोमट येतंय म्हणजे टाकीतलं पाणी बहुतेक चांगलं कढत आहे आणि तुमच्या नळापर्यंत पोचताना त्यात कुणीतरी विसण घालतंय. पण मी घाबरलो होतो, आई पाहुणी होती, आणि मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन लावली.

नाव घेत नाही. एकोणीस दिवस गाडी त्यांच्या अंगणात उभी. फोन केला की "टेक्निशियन बघतोय". शेवटी निदान आलं: टाकीत क्षार साठलेत, थर्मोस्टॅटही गेलेला दिसतो, नवीनच घाला. मजुरी धरून अकराशे डॉलर्सच्या वर गेले. मी सही केली. माझी सगळ्यात महागडी चूक ती सही. "गेलेला दिसतो म्हणजे मोजून बघितलात का?" एवढं एक वाक्य मी विचारलं नाही.

नवीन गिझर घेऊन परत निघालो आणि पहिल्याच संध्याकाळी पाणी कोमट! शेजारच्या जागेवरचे एक म्हातारे गृहस्थ हातात कॉफी घेऊन माझा त्रागा बघत होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, मागच्या बाजूच्या बाहेरच्या शॉवरचं झाकण उघडलं आणि हसले. गरम आणि थंड, दोन्ही नळ पूर्ण उघडे. फक्त हँडशॉवरचं बटण दाबून धार बंद केलेली. लडिंग्टनला मुलांनी पायाची वाळू धुतली आणि बटण दाबून पळाली, ती ही अवस्था. बटण बंद असलं तरी आत दोन्ही लाइनी एकमेकींना जोडलेल्याच राहतात. आपण सिंकचा गरम नळ उघडला की थंड पाणी त्या वाटेने गरम लाइनीत शिरतं. म्हाताऱ्यांनी दोन नळ पिळले. काम झालं. जुना गिझर तर बिचारा ठणठणीत होता.

पुढचं ऐका. एक्स्टेंडेड वॉरंटी होती, म्हटलं काहीतरी परत मिळेल. त्या ऑफिसने विचारलं, नेमका कुठला भाग निकामी झाला? पावतीवर फक्त "गिरहाइकाची तक्रार: पाणी गरम नाही" एवढंच. जुना गिझर कुठे? भंगारात. दावा नामंजूर. प्रत्येक फोनला नवा माणूस, प्रत्येकाला रामायण पहिल्यापासून. रक्तदाब वाढवायचा असेल तर हा छंद जरूर करा. तेव्हा उद्या खरंच काही बदलायची वेळ आली तर काय बिघडलं ते कागदावर लिहून घ्या आणि काढलेला भाग परत पाहिजे म्हणून काम सुरू होण्याआधीच लेखी सांगा.

आता तुमचं. बाहेरचा शॉवर बघा, दोन्ही नळ बंद करा. आतल्या हँडशॉवरलाही बटण असेल तर तिथेही हीच गंमत होते. मग गिझरच्या मागचा बायपास व्हॉल्व्ह बघा, म्हणजे थंड पाणी टाकीत न नेता परस्पर गरम लाइनीत सोडणारा. हिवाळ्यात नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ भरताना तो उघडतो आणि वसंतात अर्धवट बंद राहतो, अगदी नेहमीचं. एवढ्यानेही नाही भागलं तर गिझर बंद करून गार होऊ द्या, थंड पाणी आत जाणारा व्हॉल्व्ह आणि बायपास दोन्ही बंद ठेवा आणि सिंकचा गरम नळ उघडा. साठलेल्या दाबाचं थोडं पाणी येऊन धार तुटली तर पाण्याची वाट ठीक आहे, मग खुशाल गिझरवर संशय घ्या. धार चालूच राहिली तर विसण कुठून तरी येतंय. गरम-थंड एकत्र करणाऱ्या मिक्सर नळाच्या आतलं कार्ट्रिज झिजलं असेल तरी असं होतं.

हे सगळं करताना एक पाप करू नका. टाकी रिकामी असताना विजेचं बटण दाबू नका, एलिमेंट बघता बघता जळतो. गरम नळ उघडा, हवेचं फुसफुसणं थांबून सलग धार आली की मगच बटण. जळलाय अशी शंका असेल तर वीज तोडून, वायर काढून मल्टिमीटर लावा. 120 व्होल्टवर चालणारा 1440 वॅटचा एलिमेंट साधारण 10 ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तो गेला. पण तेवढ्यासाठी अख्खा गिझर बदलत नाहीत, नुसता एलिमेंट मिळतो.

जाता जाता: गिझर सबर्बन कंपनीचा असेल तर आत लोखंडी टाकी आणि अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी दांडी) असतो, तो वर्षातून एकदा काढून बघा. खंगून तार उरली असेल तर बदला. अॅटवुड कंपनीच्या गिझरची टाकी अॅल्युमिनियमची, तिला रॉड लागत नाही. रॉड काढायच्या आधी पाणी गार होऊ द्या आणि दाब सोडा, नाहीतर कढत पाण्याची पिचकारी थेट अंगावर येते. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून कुणी ब्लीच सांगतं, कुणी व्हिनेगर. दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही, विषारी वायू होतो.

तुमच्याकडे बायपासला एक व्हॉल्व्ह आहे की तीन, ते पोस्टवरून कळलं नाही. गिझरच्या मागच्या बाजूचा आणि बाहेरच्या शॉवरचा फोटो टाका, रात्री मुलं झोपली की बघतो.