गरीब घरातल्या पोरांना मोठ्या कॉलेजात शिकायला शिष्यवृत्ती खरंच मिळते का, का नुसत्या जाहिराती असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घर जत तालुक्यातलं, वडिलांची कोरडवाहू शेती, उत्पन्न वर्षाला दीड लाखाच्या आत, धाकट्या बहिणीला जेईईतनं बाहेरच्या राज्यातली एनआयटी लागतीय आणि घरचे म्हणतायत एवढी फी कुठनं आणायची, इथंच सांगलीत घालूया. आणि अमेरिकेत म्हणे गरिबाच्या पोरांचा सगळा खर्च कॉलेज उचलतं, तसं आपल्याकडं काही आहे का.

आहे, आणि मिळतंय पण. मी तासगाव तालुक्यातला, फी माफीवरच एनआयटीतनं शिकून बाहेर पडलो, आता सांगलीत नोकरीला आहे आणि दर जूनला गावाकडच्या पोरांचे फॉर्म भरून द्यायचं काम आपोआप माझ्याच गळ्यात पडतंय, त्यामुळं हे ऐकीव नाही. फक्त एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसती ती आधी सांगतो. पैसे मंजूर होतात, पण हातात येतात ते दिवाळीनंतर नाहीतर पार पुढच्या वर्षी, आणि कॉलेजला पाहिजे असतात जून-जुलैत. त्यात आपल्याकडं जून-जुलै म्हणजे द्राक्षाचा पैसा संपलेला, उसाचं बिल कारखान्यानं कधीच देऊन ते सोसायटीत वळतं झालेलं आणि पेरणीला बियाणं-खत उधारीवर. गरिबाचं पोरगं फीच्या आकड्यात कमी आणि ह्या मधल्या चार-सहा महिन्यांतच जास्त अडकतंय.

आता तुमच्या बहिणीचा हिशोब करू. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाख आहे, आयआयटीची दोन लाख. २०१६ ला फी वाढवली तेव्हाच नियम केलाय की घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखाच्या मध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ, आणि एससी, एसटी, दिव्यांग असेल तर उत्पन्न न बघता पूर्ण माफ. म्हणजे तुमच्या बहिणीला वर्षाला साधारण ४२ हजार भरायचे, सव्वा लाख नाही. तुमच्या वडिलांनी वेबसाईटवर बघितलेला आकडा हा माफीच्या आधीचा असणार. हॉस्टेल आणि मेस मात्र माफ होत नाही, ते वर्षाला सत्तर हजार ते लाखभर धरून चाला, संस्थेप्रमाणं कमीजास्त होतंय.

ह्यासाठी लागतो उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतूत नाहीतर महा ई सेवा केंद्रात अर्ज करायचा आणि तहसीलदाराच्या सहीचा घ्यायचा. (आपल्याकडं दाखल्यावर अख्ख्या गावाचं उत्पन्न जवळपास एकसारखंच असतंय हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) निकाल लागल्यावर सगळा तालुका एकदमच सेतूत येतो, सर्व्हर बंद पडतो, तलाठी तात्या दुसऱ्या सज्जावर गेलेले असतात, त्यामुळं हे एप्रिल-मे मध्येच उरकायचं. तुमच्याकडं अजून निघाला नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं तेच काम करा.

मराठा असाल तर अजून एक. राज्याचा एसईबीसीचा (मराठा आरक्षणाचा) दाखला आयआयटी-एनआयटीला चालत नाही, तिथं केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला लागतो, उत्पन्न ८ लाखाच्या आत आणि शेती ५ एकराच्या आत असेल तर मिळतो. जतसारख्या भागात गंमत अशी की जमीन कागदावर बारा एकर असती आणि पिकतंय त्यात काहीच नाही, तरी ५ एकराच्या वर गेलं की संपलं, मग ओपनमधनंच जायचं. फी माफीचं मात्र तसं नाही, ती उत्पन्नावर आहे, जमिनीवर नाही. ह्या दोन गोष्टींची गल्लत करून घरीच "आपल्याला काय मिळत नाही" म्हणून गप्प बसलेली बरीच माणसं मी बघितलीत. ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर पण केंद्राच्याच नमुन्यातला आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो.

सीट मिळाल्यावर ती पक्की करायला जी रक्कम भरायची असती ती पण दिवसांत आणि तासांत मोजून मागतात. २०२४ ला उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादला सीट लागली, १७,५०० रुपये भरायचे होते, गावातनं गोळा करेपर्यंत वेळ संपली आणि सीट गेली. तो शेवटी सुप्रीम कोर्टात गेला आणि ३० सप्टेंबर २०२४ ला कोर्टानं घटनेतल्या कलम १४२ चा खास अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. पेपरात आलं, सगळे खूश झाले, पण कोर्टापर्यंत न पोचलेले किती असतील? त्याचं प्रकरण फी परवडत नाही असं नव्हतंच, एससी असल्यामुळं पुढची ट्यूशन फी त्याला माफच होती. म्हणून पहिल्या दोन महिन्यांची रोकड, सीटची रक्कम, पहिल्या सेमिस्टरची मेस, रेल्वेचं तिकीट, लॅपटॉप, एवढी वेगळी बाजूला काढायची. माझ्या वेळी वडिलांनी बेदाण्यावर अडत्याकडनं उचल घेतली होती. सोनंतारण करा, मामाकडनं घ्या, काही करा, पण खाजगी सावकाराकडं जाऊ नका.

आता सांगलीतच घालायचं का ह्यावर प्रामाणिकपणे बोलतो, कारण घरच्यांचं म्हणणं अगदीच येडेपणाचं नाही. २०२४ पासनं राज्यानं ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅप राऊंडमधनं (सरकारी केंद्रीय प्रवेशातनं) प्रवेश घेतला तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी १०० टक्के माफ केलीय, मुलांना राजर्षी शाहू योजनेत निम्मी माफी मिळती. म्हणजे सांगलीच्या वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला नाहीतर कराडच्या सरकारी कॉलेजला चांगली ब्रँच मिळत असेल तर तिथं ट्यूशन फी शून्य आणि घर एसटीनं जवळ. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतलं तर मात्र ह्यातलं काहीच नाही, हे कॉलेजचा माणूस फोनवर सांगत नाही. माझं मत विचाराल तर कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर एनआयटी सोडू नका. नको असलेली ब्रँच फक्त नावासाठी घ्यायची असेल तर वालचंद परवडलं.

राज्याच्या ह्या योजनांचा फॉर्म महाडीबीटी पोर्टलवर भरणार असाल तर बँक खातं आधारला जोडलंय का ते आधी बघा, आणि दरवर्षी रिन्यू करायचा असतो हे लक्षात ठेवा. पात्र पोरांकडनं आधी पूर्ण फी मागू नका असं सरकारनं कॉलेजांना सांगितलंय तरी काही ठिकाणी मागतात. माझ्या मावसभावाला एका कॉलेजनं सरळ सांगितलं होतं की आधी भर, पैसे आले की परत देऊ. तेव्हा लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, तोंडी भांडून काही होत नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिकडं क्वेस्टब्रिज नावाची संस्था हुशार पण गरीब पोरांची मोठ्या कॉलेजांशी गाठ घालून देती, चार वर्षांचा पूर्ण खर्च निघतो, पण ते तिकडं शाळेत शिकणाऱ्यांसाठी, आपल्याला उपयोग नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट असली काही कॉलेजं परदेशी पोरांना पण ऐपत न बघता घेतात आणि लागेल तेवढी मदत देतात, पण तिथं पोचणं हेच अवघड. मला जास्त पटला तो मिशिगन विद्यापीठाचा प्रयोग. त्यांनी राज्यातल्या हुशार गरीब पोरांच्या घरी नुसतं पत्र पाठवलं, की प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी नाही, वेगळे फॉर्म नकोत. गंमत म्हणजे ह्यातल्या बहुतेकांना ती मदत तशीही मिळणारच होती. तरी पत्र गेलेल्या पोरांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, बाकीच्यांत २६ टक्के, आणि प्रत्यक्ष प्रवेश घेणारे १२ चे २७ टक्के झाले. आधी खात्री दिली एवढाच फरक. आपल्याकडं तसं पत्र कोण घरी पाठवत नाही, तर तुम्हीच वडिलांना एका कागदावर ४२ हजार, मेस आणि पहिल्या दोन महिन्यांची रोकड असं लिहून दाखवा.

तसं आपल्या भागात ही गोष्ट नवीन नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्याला आणली तेव्हा त्यांनी जोर दिला बोर्डिंगवर, पोरांच्या खाण्या-राहण्यावर, आणि त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढं कमवा आणि शिका आलं. फी कशीतरी निघतीय, पोराला जेवायला कोण घालणार हा प्रश्न त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळला होता, आत्ताच्या योजना करणाऱ्यांना अजून नीट कळलेला दिसत नाही.

मेस-हॉस्टेलसाठी म्हणून दोन गोष्टी बघा. रिलायन्स फाउंडेशनची पदवीची शिष्यवृत्ती, पहिल्या वर्षाला असताना भरायची, बारावीला ६० टक्के आणि ऑनलाईन परीक्षा, पूर्ण डिग्रीत मिळून २ लाखापर्यंत, अडीच लाखाच्या आत उत्पन्न असेल तर प्राधान्य. आणि दुसरं पीएम विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेलं, निवडक चांगल्या संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज. साडेचार लाखाच्या आत उत्पन्न आणि इंजिनीअरिंगसारखा कोर्स असेल तर शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं एक वर्ष सगळं व्याज सरकार भरतंय. अर्ज बँकेत जाऊन तोंडी करू नका, पीएम विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवरनं करा, म्हणजे नोंद राहती. तरी गावातल्या शाखेत साहेब सातबारा मागतीलच, तेव्हा योजनेची प्रिंट आणि सीट लागल्याचं पत्र दोन्ही टेबलावर ठेवायचं आणि नाही म्हणत असतील तर कारण लेखी द्या म्हणायचं. सातबारा घरीच ठेवून जा.