सत्तराव्या चेंडूनंतर

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी-रविवारी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या बेसबॉल टीमनं सात-सात इनिंगच्या तीन सामन्यांनी हंगाम सुरू केला. पहिल्या सामन्यात ४-१ अशी आघाडी असताना पिचर (चेंडू फेकणारा) बदलला गेला आणि सामना ४-५ असा हातचा गेला. टीमच्या कोच मॅडमना आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

शनिवारचा सामना मी पहिल्या चेंडूपासून बघितला. तुमचा पोरगा एकटा सामना काढत होता. सहाव्या इनिंगला त्याला का काढलंत? आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं एकच मत आहे, सामना तुम्ही घालवलात. – एक क्रीडाप्रेमी, शिवाजी पेठ

तुम्ही पहिल्या चेंडूपासून बसला होता, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगते.

त्याला काढलं तेव्हा त्याचे ७० चेंडू झाले होते. हा आकडा मी शुक्रवारी संध्याकाळीच त्याला सांगून ठेवला होता आणि त्यानं मान हलवली होती. पोरगा १८ वर्षांचा, एफवायचा. पावसाळ्यात आमचं मैदान म्हणजे तळंच असतं, त्यामुळं त्याच्या हाताला नीट सराव मिळाला तो जेमतेम पाच आठवडे. अमेरिकेत या वयाच्या पिचरसाठी दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे, पण ती वर्षानुवर्षं रीतसर तयारी झालेल्या पोरांसाठी. पाच आठवड्यांच्या हाताला ७० पुष्कळ झाले.

आणि मी नुसता आकडा बघत नव्हते. मी स्वतः सॉफ्टबॉल खेळले ती कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारी. मैदानावरचे आठ जण एकीकडं तोंड करून उभे असतात आणि एकटा कॅचर त्यांच्याकडं तोंड करून बसतो. त्यामुळं पिचरचा हात वाचायची सवय अंगात मुरलेली आहे. साठ चेंडूंच्या पुढं त्याचं कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली यायला लागलं होतं. चेंडू गुडघ्याऐवजी छातीच्या उंचीवर येत होते. समोरच्या बॅटरनं ते मारले नाहीत, म्हणून तुम्हाला तो जोरात चाललाय असं वाटलं. मी माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, गेले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, अजून लई दम हाय." दम होताच. पण दम छातीत असतो आणि दुखापत कोपरात होते.

कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि खालचं हाड एकत्र बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. चेंडू फेकताना हात मागं ताणला जाऊन पुढं झेपावतो, त्या क्षणी मोठा ताण त्या जागी येतो. स्नायू ताजे असतात तोवर ते त्यातला बराच भार उचलतात. ते थकले की भार अस्थिबंधावर पडतो. व्यायामानं स्नायू काही महिन्यांत वाढतात, अस्थिबंध मात्र फार सावकाश घट्ट होतो. १९७४ साली अमेरिकेतल्या लॉस एंजलिस डॉजर्स क्लबचा पिचर टॉमी जॉन याचा हा अस्थिबंध तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काढून तिथं बसवला. पुरता एक हंगाम बाहेर काढून तो १९७६ मध्ये परतला आणि पुढं १९८९ पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आज त्याच्या नावानंच ओळखली जाते. पण त्याच्या मागं मोठा क्लब आणि त्या काळातला उत्तम सर्जन उभा होता. आमच्या पोराच्या मागं काय आहे? दोन एकर ऊस आणि दोन म्हशी.

आता जे मी सहसा सांगत नाही, तेही सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडं असाच एक पिचर होता, याच्यापेक्षाही वेगवान. एका अंतिम सामन्यात मी त्याला शेवटपर्यंत ठेवला. त्या दिवशी कुणी चेंडू मोजत नव्हतं. मीही मोजले नाहीत. नंतर स्कोअरबुकावरून हिशेब केला, तर १३० च्या वर गेले होते. आम्ही जिंकलो, पोरांनी गुलाल उधळला. आठवड्यानं त्याची आई मला भेटली आणि म्हणाली, "बाई, त्याला धार काढता येईना झालीय." त्याचा तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही. रस्त्यात भेटला तर ट्रॅक्टरवरून हसून हात करतो, डावा हात. त्यानं मला कधी एका शब्दानं दोष दिलेला नाही. तो कप कॉलेजच्या कपाटात आहे आणि त्या कपाटासमोरून मी रोज जाते.

तुम्ही शिवाजी पेठेतले, त्यामुळं तालमीची रीत तुम्हाला मी काय सांगावी. कच्च्या पोराची मोठी कुस्ती वस्ताद जोडत नाही, मग मैदान कितीही भरलेलं असो. बघणारे ओरडतात, वस्ताद ऐकत नाही. त्याला घाबरट म्हणायची हिंमत कुणी करत नाही.

बदली आलेल्या पोरानं लागोपाठ दोन वॉक दिले, म्हणजे चेंडू बाहेर टाकून दोघांना फुकटात पहिला बेस दिला. आधीचा एक धरून तिन्ही बेस भरले, मग डबल, म्हणजे दोन बेसचा हिट, बसला आणि तिघंही घरी आले. ४-४. पुढच्या हिटवर पाचवा रन. हरलो. तुमच्या कट्ट्यावर सांगा, सामना मीच घालवला हे खरं आहे. पुढच्या शनिवारीही त्याचे ७० झाले की मी माउंडवर जाणार.

रविवारी तोच मुलगा नुसता बॅटिंगला दिसला. दुखापत झाली आहे का? – एक वाचक, राजारामपुरी

नाही. हात ठणठणीत आहे. ७० चेंडूंनंतर मी त्याला पाच दिवस फेकू देत नाही. राइट फील्डला, म्हणजे उजवीकडं लांब, उभा केला असता तर तिथून तिसऱ्या बेसपर्यंत लांब फेक करावी लागते, मग विश्रांती कसली? म्हणून त्याला फक्त बॅटिंग दिली. रागावला होता. दोन हिट मारले.

माझा मुलगा चांगला फास्ट बॉलर आहे. तो बेसबॉलमध्ये पिचर होऊ शकेल का? – एक आई, इचलकरंजी

होऊ शकेल, पण बॉलिंगच्या जोरावर होईल असं समजू नका. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. पिचिंगमध्ये सगळी करामत कोपर वाकवून ते झटक्यात सरळ करण्यातच आहे. शिवाय बॉलर लांबून पळत येतो. पिचर रबराच्या पट्टीवर पाय टेकून उभा असतो आणि ६० फूट ६ इंचांवरच्या होम प्लेटकडं, म्हणजे बॅटर उभा असतो तिकडं, जागेवरूनच फेकतो. धावण्यातून मिळणारा वेग त्याला कंबरेतून आणि मागच्या पायातून काढावा लागतो. त्यामुळं मी क्रिकेटच्या पोरांना विचारते ते एवढंच, की बाउंड्रीवरून तुझी थ्रो स्टंपांवर थेट येते का?

२००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय पोरांना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबनं करारबद्ध केलं. दोघंही उत्तर प्रदेशचे, भालाफेकपटू. यात नवल नाही, कारण भाला आणि बेसबॉल दोन्हींत कोपर पुढं येतं आणि हात मागून चाबकासारखा येतो. आमचा सध्याचा पिचर ना बॉलर होता ना भालाफेकपटू. कॉलेजच्या मागं चिंचेची झाडं आहेत. तो ठरवलेली चिंच दगडानं पाडत होता. मी बघत उभी राहिले, तर पळून जायला लागला.

मुलाला घेऊन या. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. हातात आल्यावर आधी त्याला तो वेगळाच वाटेल. बोट शिवणीवर कसं ठेवायचं हे शिकण्यातच महिना जातो, तेवढी तयारी ठेवा.

तुमच्या पोरांकडून इतक्या साध्या चुका कशा झाल्या? एक जण चेंडू मारून तिथंच उभा राहिला! – एक माजी क्रिकेटपटू, गडहिंग्लज

तुम्ही क्रिकेट खेळलात, त्यामुळं ती चूक कुठून येते हे तुम्हालाच जास्त कळेल. लहानपणापासून गल्लीत शिकलेलं असतं की चेंडू फील्डरकडं गेला तर पळायचं नाही. बेसबॉलमध्ये फेअर, म्हणजे रेषांच्या आतला, चेंडू जमिनीवरून गेला की पळावंच लागतं, निवड नसते. तो पोरगा शॉर्टस्टॉपकडं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडं, मारून बघत राहिला. दुसरा बॅट हातात घेऊन पहिल्या बेसपर्यंत पळाला. तिसरा उंच उडालेला चेंडू झेलला जाईपर्यंत दुसरा बेस ओलांडून गेला होता आणि परत पहिल्यावर पोचलाच नाही. झेल झाला की धावपटूला आधी आपला बेस पुन्हा गाठायचा असतो, हे त्याला तोंडपाठ आहे. विचारा, झोपेतही सांगेल. पण पायांना ते अजून पाठ झालेलं नाही.

पहिल्या दोन दिवसांचा उपयोग मला याच्यासाठीच असतो. सरावात ही चूक दिसत नाही, कारण सरावात कुणी बघत नसतं आणि घाई नसते. सोमवारपासून आम्ही रोज पंधरा मिनिटं नुसतं झेल, परत, पुन्हा सुटायचं, एवढंच करतोय. चेंडूशिवाय. मी हातानं खूण करते, पोरं पळतात.

आणि एक चूक त्यांची नव्हे, ती सांगते. शनिवारी आमचा तिसऱ्या बेसचा खेळाडू आलाच नाही. त्याच्या शेतात ऊसतोडीची टोळी आली होती. आमच्याकडं हंगाम दोन असतात, एक माझा आणि एक कारखान्याचा, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू होतात. टोळी दारात आल्यावर तिला रविवारपर्यंत थांबा म्हणता येत नाही. त्यानं पहाटे फोन करून कळवलं. मी म्हटलं, आधी तोड पूर्ण कर. त्याची जागा टीममध्ये तशीच आहे.

मैदानातला तो मातीचा उंचवटा मुद्दाम केला आहे का? – एक विद्यार्थी, कळंबा

हो. तोच माउंड. मधोमध पट्टीची जागा होम प्लेटपेक्षा १० इंच उंच लागते. मैदानाची काळी माती उन्हानं भेगाळते आणि पिचरचा पाय पडतो तिथं खड्डा होतो, म्हणून आम्ही तांबडी माती आणून वेगळी चोपली. एका तालमीच्या वस्तादांना विचारलं, कारण मातीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं? ते स्वतः येऊन गेले. संध्याकाळी पाणी शिंपडा, वरून ओलं गोणपाट टाका, सकाळी उघडा, असं त्यांनी सांगितलं. पोरं पाळीनं करतात. फक्कीनं रेषा मारायचं कामही त्यांचंच. ९० फुटांच्या दोन दोऱ्या आहेत आमच्याकडं, त्यांनी चौकोन आखतात आणि होम प्लेट ते दुसरा बेस १२७ फूट ३ इंच भरतं का ते टेपनं बघतात. शनिवारी सहा इंच कमी भरलं. पुसून पुन्हा आखलं.

माझा मुलगा तुमच्या टीममध्ये आहे. पहाटेची एसटी पकडून सरावाला येतो. तीन सामन्यांत त्याला एक चेंडूही खेळायला मिळाला नाही. त्याला स्पष्ट सांगून टाका म्हणजे तो अभ्यासाकडं लक्ष देईल. – एक वडील, गारगोटी

पत्र वाचल्याबरोबर मुलगा ओळखला. तुमच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

तो बाकावर बसला होता हे खरं. पण रिकामा बसला नव्हता. स्कोअरबुक त्याच्याकडं होतं. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला आकडा असतो, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, असे दोन आउट झाले की ६-४-३ लिहितात. तुमच्या मुलानं तिन्ही सामने असे लिहिलेत की मी कागद बघून अख्खा सामना डोळ्यांपुढं आणू शकते. पिचरचे चेंडू तोच मोजत होता. पंचावन्नला त्यानं मला खूण केली, पासष्टला पुन्हा. सत्तरला उठून उभा राहिला. आजूबाजूला सगळे ओरडत होते, "नको काढू, नको काढू!" आणि हा पोरगा वही छातीशी धरून माझ्याकडं बघत उभा. त्या वेळी मला त्याची किती गरज होती हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. ते चुकलं माझं, आता सांगितलंय.

खेळण्याचं म्हणाल, तर स्पष्ट सांगते. त्याचा हात चांगला आहे, पाय मंद आहेत. दुसऱ्या बेसला मी त्याला आज उभा करणार नाही. डोकं मात्र कॅचरचं आहे. डिसेंबरपासून त्याला कॅचरची पॅडं बांधणार आहे. त्यात बोटं सुजतील, गुडघे दुखतील, तुम्हाला घरी दिसेलच. अभ्यासाचं मला त्याच्या वर्गशिक्षकांकडून कळत असतं. तिथं काही कमी आलं तर मीच सराव थांबवेन आणि तुम्हाला आधी फोन करेन.

पुढचे सामने बघायला यायचंय. कुठं बसलं तर खेळ कळेल? – दोघी मैत्रिणी, शाहूपुरी

होम प्लेटच्या मागं, जाळीच्या आड. कॅचरला दिसतं तेच तुम्हाला दिसेल. चेंडू येताना वळतो का, खाली पडतो का, ते बाजूनं कळत नाही. जाळीला टेकून बसू नका, फाउल चेंडू जोरात येतो. धातूची बॅट आहे, त्यामुळं टणकन आवाज होतो, दचकू नका. सकाळी आठला गोणपाट काढतो, नऊला पहिला चेंडू. स्ट्राइक आणि बॉल यातला फरक कळला नाही, तर तिसऱ्या बेसच्या बाजूला बाकावर वही घेऊन बसलेला मुलगा असेल, त्याला इनिंग संपल्यावर विचारा. मध्ये नको, तो मोजत असतो.