कागद हलला की धार गेली

प्रश्न : आजोबांच्या तीन पटाश्या आणि एक रंधा माझ्याकडे आला आहे. सहाण नाही, म्हणून काचेवर पॉलिश पेपर ठेवून धार लावतो. नुसता हाताने धरला तर कागद सरकून गोळा होतो. फोमचा दुहेरी टेप लावल्यावर हलत नाही, पण पटाशी लाकडावरून घसरते. कागद बसवायचा कसा?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घसरते ती टेपमुळेच. फोम दबतो. पातं टेकवलं की त्याच्याखालचा कागद खाली जातो आणि धारेच्या पुढचा वर उचलला जातो. तो उचललेला कागद धारेच्या टोकालाच घासतो आणि टोक गोल होतं. पटाशी खिडकीपाशी धरा, धार डोळ्यांसमोर आणा. टोकावर पांढरी बारीक रेघ चमकली, तर तेवढी जागा बोथट आहे. चांगली धार दिसत नाही.

मी 26 वर्षं सुतारकाम शिकवलं. सुरुवातीला आम्ही फळीवर टाचण्या मारून कागद ताणत असू. टाचणीजवळ तो घट्ट राहायचा, मधे फुगायचा, आणि मुलांची पाती टोकाशी गोल होऊन यायची. कागद जागचा हलू नये एवढंच पुरत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो खालच्या काचेला सगळीकडून चिकटलेला हवा आणि मधे दबणारं काही नको.

त्यासाठी बारीक कागदाला पाणी पुरतं, मी अजून तेच वापरतो. काळा वॉटर पेपर घ्यायचा. पिवळा काचपेपर भिजला की फाटतो. 9 बाय 11 इंचाच्या कागदाच्या 3 इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. दहा मिनिटं पाण्यात ठेवा म्हणजे त्यांची गुंडाळी सुटेल. काच आधी बोटाने चाचपून पुसा, कारण वाळूचा एक कण खाली राहिला तरी तिथे उंचवटा येतो आणि पातं कागद फाडतं. मग काचेवर पाणी शिंपडून पट्टी टेकवा आणि लाकडाच्या सरळ तुकड्याने मधून कडेकडे दाबत हवा काढा. 600 नंबरच्या पुढचे कागद (आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक) असे बसले की हातानेही सहज सरकत नाहीत. वरून पाणी मारत राहा, कड वाळली की उचलते.

पात्याची पाठ सपाट करायला 120 किंवा 220 नंबरचा खरखरीत कागद लागतो, जोरही लागतो. तिथे पाणी टिकत नाही. मी पंक्चरवाल्याचं रबर सोल्युशन काचेवर आणि कोरड्या कागदाच्या पाठीवर अगदी पातळ फासतो, दोन्ही सुकू देतो आणि मग चिकटवतो. नंतर कागद सोलून उरलेला रबर अंगठ्याने चोळून निघतो. फेविकॉल नको, त्याच्या पाण्याने साधा कागद फुगतो आणि काढताना खरवडत बसावं लागतं.

काहीच चिकटवायचं नसेल तर कागदाचं एक टोक काचेच्या कडेवरून खाली दुमडा, त्यावर लाकडी पट्टी ठेवून दोन क्लॅम्प लावा. हे टोक तुमच्यापासून लांबचं हवं. पातं आपल्याकडे ओढायचं असतं, त्यामुळे लांबचं टोक बांधलेलं असलं की प्रत्येक ओढीबरोबर कागद ताणला जातो. जवळचं बांधलंत, तर तोच कागद पात्यापुढे गोळा होईल. काचेची कड आधी घासून घ्या, नाहीतर कागद कापला जाईल आणि बोटही.

आणि कागद कसाही बसवा, पुढे ढकलू नका. ओढा, उचला, परत लांब टेकवा. वेळ जातो, पण ढकलताना धार कागदात रुतते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

काच 10 किंवा 12 मिलिमीटरची फ्लोट काच मागा. वितळलेल्या कथिलावर तरंगत थंड केलेली असल्यामुळे ती सपाट असते. 4 मिलिमीटरची खिडकीची काच हाताच्या दाबाने वाकते, म्हणून ती नको. ओट्याचा उरलेला पॉलिश ग्रॅनाइटचा तुकडा चालेल, पण त्यावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघून घ्या.

तुमच्याकडच्या पावसात पाण्याने धार लावलेलं पातं रात्रीत गंजतं. काम झालं की लगेच कोरडं पुसा आणि तेलाचा बोळा फिरवा. रंध्याचं पातंही याच रीतीने होईल. आधी सर्वात रुंद पटाशीवर हात बसवा, अरुंद पटाशी डोलते.