सीओआय जुळला म्हणजे प्रजाती ठरली असं नाही

गोड्या पाण्यातल्या कोळंबी-खेकड्यांवर काम सुरू करतोयस, तर नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेव. फॉर्मलिनने डीएनए खराब होतो. प्रजाती ओळखायला सीओआय या जनुकाचा (ते केंद्रकात नाही, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात असतं) साधारण ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा सगळेच वापरतात, पण क्रेफिशसारख्या (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे कवचधारी) गटांत त्याच जनुकाच्या निकामी प्रती केंद्रकातही दडलेल्या असतात. चुकून त्या वाचल्या गेल्या, की नसलेली प्रजाती दिसू लागते. मी स्वतः त्यात फसले आहे. म्हणून मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन तिथेच थांबवणारी खूण, येतोय का, हे प्रत्येक डीएनए-क्रमात बघच; तसा आला तर ती निकामी प्रत. शिवाय २८एससारखं केंद्रकातलं जनुक जोडीला घे. ‘हायलेला अझटेका’ (गोड्या पाण्यातला चिमुकला कवचधारी) या एकाच नावाखाली कितीतरी वेगळ्या प्रजाती लपल्या आहेत, हे डीएनएमुळेच उघड झालं. आणि हो, डीएनएसाठी एखादा पायच काढ. बाकी प्राणी शाबूत ठेव, नाव देताना तोच लागतो.