रबरी सूट घातलेला माणूस खेळण्यातली शहरं तुडवतो, तरी गॉडझिलाचे जपानी सिनेमे लोक ७० वर्षं का बघतायत?

कारण पहिला सिनेमा मुळात गमतीचा नव्हताच. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, एक दगावला. त्याच नोव्हेंबरात दिग्दर्शक इशिरो होंडांचा 'गोजिरा' (गॉडझिलाचं जपानी नाव) आला, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसाचा. त्यात जळत्या टोकियोत एक बाई पोरांना कवटाळून बसलीय आणि सांगतेय, आता आपण बाबांकडेच जाणार. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बहल्ल्यांना जेमतेम नऊ वर्षं झाली होती, प्रेक्षकांना वेगळं समजावायची गरजच नव्हती.

आता त्या सूटबद्दल. पहिला सूट जवळपास १०० किलोचा. आत अभिनेते हारुओ नाकाजिमा घामाने निथळत असायचे. चाल बसवायला ते प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलं बघत बसले होते. कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवून शूटिंग केलं की पडद्यावर हालचाल संथ होते आणि ते धूड खरोखर वजनदार वाटतो. ती डरकाळी? कॉन्ट्राबासच्या (व्हायोलिनसारख्या मोठ्या वाद्याच्या) सैल तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून काढलेली! कॉम्प्युटरवरच्या राक्षसात ही हातची कारागिरी दिसत नाही, असं माझं मत. अर्थात 'गॉडझिला मायनस वन'ने २०२३ मध्ये ते बरंचसं खोटं ठरवलं आणि २०२४ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही नेलं.

मालिकेतले मधले काही सिनेमे निव्वळ कुस्ती आहेत. तेही मजेत बघतो. सुरुवात मात्र १९५४ च्या मूळ जपानी आवृत्तीनेच करा. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत बॉम्बचे बरेच उल्लेख छाटलेत.