घरात हरिपाठ सुरू करतेस, तर एवढं ऐक

अगं, मुलं लहान, सासूबाईंचं पथ्यपाणी, त्यात तुझी नोकरी. पूर्ण हरिपाठ रोज होणार नाही, त्याचं ओझं घेऊ नकोस. ज्ञानदेवांच्या हरिपाठात 27 अभंग आहेत, काही प्रतींत 28. सुरुवातीला दिवेलागणीला एकच म्हणा, पण सगळ्यांनी मिळून. टाळ नसले तर टाळ्या वाजवा, मुलांना त्याच जास्त आवडतात. कुकर लावला की बसायचं, इतकी साधी वेळ ठरव. मुलांनी अर्थ विचारला तर सांग, नाहीतर चाल कानात बसू दे. नवऱ्याला ओढून बसवू नकोस. ऐकता ऐकता माणूस आपणहून पुढचं चरण उचलतो.

आणि देवघरापुढे बसलीस तेवढीच भक्ती, असं मुळीच मानू नकोस. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठाई दिसली. या दोघांवर माझा फार जीव आहे. सासूबाईंना औषध देशील तेव्हा घटकाभर त्यांच्याजवळ बस, पाठ असलेली एखादी ओवी म्हणायला सांग. त्यांच्या माहेरची चाल वेगळी असेल, ती मुलांना शिकू दे.

भांडण झालं त्या दिवशीही अभंग चुकवू नकोस. अबोला असताना एकत्र म्हणणं जड जातं, पण गरज तेव्हाच जास्त असते. एकादशीला जमलं तर पूर्ण म्हणा.