होम थिएटरसाठी खालची खोली की गच्चीवरची?

प्रश्न: नमस्कार, घरात होम थिएटर करायचंय. जागा दोन आहेत, खाली 12 बाय 12 ची खोली, 10 फूट उंच, विटांच्या भिंती, आणि गच्चीवर 12 बाय 18 ची, पण तिच्यावर पत्रा आहे. बजेट तीन लाख. दुकानदार म्हणतोय 7.1.4 च घ्या (भोवती सात स्पीकर, एक सबवूफर म्हणजे बेसचा, खालच्या सुरांचा स्पीकर, आणि वर छताला चार), चारी भिंतींना फोम मारून देतो, शेजाऱ्यांना ऐकूसुद्धा जाणार नाही. त्याच्या डेमो रूममध्ये तर नाद खुळा वाटलं. काय करू?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: मापं बघितली तर गच्चीवरची खोली सरस, पण पत्रा. आपल्याकडं जूनपासून जो पाऊस लागतो त्यात पत्र्याखाली सिनेमातलं कोण काय बोललं ते कळायचं नाही, आणि तुमचा आवाज पत्र्यातनं आख्ख्या गल्लीला जाणार तो वेगळाच. वर स्लॅब टाकणार असाल तर वरच करा, नाहीतर खालचीच घ्या, फक्त तिची खोड आधी समजून घ्या.

खोड अशी की ती चौरस आहे. 12 फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 47 हर्ट्झचा बेस घुमतो. लांबी-रुंदी सारखीच असल्यानं तोच सूर दोन्हीकडनं घुमतो आणि ढम्म ढम्म सगळं त्या एकाच सुरावर साठतं. खात्री करायची तर मोबाईलवरनं 47 हर्ट्झचा टोन सबवूफरला द्या आणि खोलीत चालत फिरा, भिंतीपाशी छातीत धडधडेल आणि बरोब्बर मधोमध आला की सब बंद पडला की काय असं वाटेल. म्हणून सोफा भिंतीला चिकटवायचा नाही आणि मधोमधही नाही. पडद्याच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर डोकं येईल असा ठेवा, मागं साडेचार फूट राहतात.

आता त्या साडेचार फुटांत 7.1.4 चे मागचे दोन स्पीकर कानाला येऊन चिकटणार, एकूण अकरा स्पीकर आणि एक सब या खोलीत कशाला पाहिजेत? 5.1 घ्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब, फारतर छताला दोन, आणि वाचलेल्या पैशात दुसरा सब घ्या, चौरस खोलीत त्याचा उपयोग जास्त. सब कुठं ठेवायचा ते असं शोधा: सब सोफ्यावर ठेवून बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडंनं गुडघ्यावर रांगत फिरा, जिथं बेस एकसारखा ऐकू येतो ती सबची जागा. घरचे हसतील, हसू देत.

फोमचं सांगतो. दोन इंची फोम फक्त वरचे सूर खातो, बेसला तो दिसतसुद्धा नाही, त्यामुळं चारी भिंती मढवल्या की आवाज मेल्यासारखा होतो आणि ढम्म तसंच राहतं. त्यापेक्षा सुताराकडनं लाकडी फ्रेम करून घ्या, त्यात चार इंच जाड 48 डेन्सिटीचं (घनमीटरला 48 किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासनं केलेली लोकर, भरा आणि वर असं कापड लावा ज्यातनं फुंकर आरपार जाते, रेक्झिन अजिबात नको. मागच्या भिंतीला आणि कोपऱ्यांत लावा, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून, त्यानं बेसवरही जास्त काम होतं आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी पॅनल भिजत नाही. बाजूच्या भिंतींवर कुठं लावायचं? तुम्ही सोफ्यावर बसा, कुणीतरी भिंतीवर आरसा सरकवत नेऊ दे, जिथं पुढचा स्पीकर आरशात दिसला तिथं एक पॅनल. बाकी भिंत मोकळी. खाली फरशीवर जाड घोंगडी किंवा जेन (लोकरीचं जाड अंथरूण) टाका, गालिच्यापेक्षा स्वस्त आणि आपल्याच भागातली.

आणि शेजाऱ्यांचं म्हणाल तर फोमनं एक पैशाचाही फरक पडत नाही. विटांची भिंत बऱ्यापैकी अडवते, आवाज जातो दारातनं. जिथनं हवा जाते तिथनं आवाज जातो. भरीव फ्लश डोअर, चौकटीला चारी बाजूंनी रबर, खालची फट बंद, खिडकीला आतनं दुसरी काच. तरी रात्री अकरानंतर बेस थोडा कमीच ठेवा, तो स्लॅबमधनं जातोच.

सेंटर स्पीकर टीव्हीच्या कपाटात कोंबू नका, डायलॉग त्यातनंच येतात. पुढं ओढून कानाच्या दिशेनं थोडा तिरका करा आणि रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) क्रॉसओव्हर 80 हर्ट्झला ठेवा, म्हणजे त्याखालचे सूर सबकडं जातात.

प्रश्न: फोमऐवजी अंड्याचे ट्रे लावले तर चालतात का?
(एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: नाही. पातळ पुठ्ठा आहे तो, वरचे सूर जरासे विखुरतो, बेसला काही करत नाही आणि आवाज बाहेर जायचा थांबत नाही. वर ठिणगी पडली तर भराभर पेटतो. तेवढ्याच पैशात जाडजूड पडदा घ्या.